मोका पॉटची कॉफी कडू का होते आणि ती कुठं थांबवायची

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: सहा कपांचा अॅल्युमिनियमचा मोका पॉट (गॅसवर ठेवून वाफेच्या दाबानं कॉफी काढायचं तीन भागांचं भांडं) घेतलाय, घरात कॉफी पिणारे दोघंच, म्हणून भांडं अर्धंच भरता. पावडर फिल्टर कॉफीची, चिकोरी मिसळलेली. कॉफी कडू, जळकट होते. अधूनमधून तर वर काहीच येत नाही, बाजूच्या झडपेतून वाफ फुसफुसायला लागते आणि सगळे स्वयंपाकघरातून बाहेर पळतात. मग आता एस्प्रेसोचं मशीनच घ्यावं का?

मशीन घेऊ नका, निदान या कारणासाठी तरी नको. तुमच्या भांड्यात खोट दिसत नाही. पावडर बदला, अर्धं भांडं भरणं बंद करा आणि गॅस आत्ता बंद करता त्याच्या बराच आधी बंद करा. तिन्हींत शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, म्हणून तिथूनच सुरू करते. मी कोल्हापुरात कॉफीच्या बिया भाजून, दळून विकते. ‘ताई, कॉफी कडू होतीया’ म्हणून जे येतात, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या बियांत काहीच दोष नसतो. त्यांनी कॉफी वेळेवर थांबवलेली नसते.

आत काय चालतं ते एकदा बघून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. खालच्या भांड्यात पाणी असतं आणि पाण्याच्या वर थोडी हवा. मधल्या गाळणीला जोडलेल्या नरसाळ्याची नळी त्या पाण्यात जवळजवळ तळापर्यंत गेलेली असते. गॅसवर ठेवलं की ती हवा फुगते, त्यात वाफेची भर पडते आणि दोन्हींच्या दाबानं पाणी नळीतून वर चढतं, कॉफीतून जातं आणि वरच्या भांड्यातल्या खांबातून बाहेर पडतं. कुकरमध्ये आपण दाब कोंडून ठेवतो, इथं तो पाणी ढकलण्यात खर्च होतो, एवढाच फरक. म्हणून दाब वाढतोही फार थोडा, साधारण १ ते २ बार (बार हे दाब मोजायचं एकक). एस्प्रेसोच्या मशीनमध्ये ९ बारच्या आसपास असतो. खोक्यावर काहीही छापलेलं असो, मोकातून एस्प्रेसो निघत नाही. जी निघते ती दाट, अंगाची, स्वतःची चव असलेली कॉफी असते. तिच्यावर एस्प्रेसोसारखा फेस आला नाही म्हणून खट्टू होण्याचं कारण नाही.

आता कळीची जागा. खालचं पाणी कमी होत होत नळीच्या तोंडाखाली गेलं की नळीत पाण्याबरोबर वाफही घुसते. तेव्हाच ती ओळखीची खळखळ ऐकू येते. बहुतेक घरांत हा आवाज म्हणजे ‘झाली कॉफी’ची खूण समजतात. खरं तर तोवर उशीर झालेला असतो. त्या वेळी वर येणारं पाणी आणि वाफ सगळ्यात जास्त तापलेली असते, आणि ज्या कॉफीतून ती जाते तिच्यातलं चांगलं सगळं आधीच उतरून गेलेलं असतं. उरलेलं असतं ते कडू आणि तुरट. कपातली जळकी चव बहुतांशी या शेवटच्या अर्ध्या मिनिटाची असते.

त्यामुळं झाकण उघडं ठेवा आणि बघत उभं राहा. कानापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा. आधी खांबाच्या तोंडाशी काळसर थेंब येतील, मग काडीएवढी संथ धार लागेल, गडद तपकिरी. थोड्या वेळानं ती बदामी होईल. बदामीची पिवळट व्हायला लागली, धारेत बुडबुडे दिसायला लागले की संपलं. पण गॅस त्याच्याही आधी, बदामी रंग दिसताच बंद करायचा, कारण तापलेला धातू त्यानंतरही काही सेकंद पाणी ढकलत राहतो. पिवळट दिसायला लागताच भांडं उचलून ओल्या फडक्यावर ठेवा किंवा खालचा भाग नळाच्या बारीक धारेखाली धरा. दाब उतरतो, धार थांबते. तळाशी थोडं पाणी उरेल, उरू दे. ते वाया गेलं असं वाटून पुन्हा गॅसवर चढवणारी माणसं मला माहीत आहेत. चार चमचे पाण्यासाठी ती अख्खा कप घालवतात.

धार संथ हवी तर आच लहान हवी. सगळ्यात छोटा बर्नर घ्या आणि ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर येऊ देऊ नका. बाहेर आली तर ती कॉफीच्या काही उपयोगाची नाही, दांडा तेवढा वितळतो. आपल्या शेगड्यांच्या जाळ्या पातेल्यांच्या मापाच्या, तीन कपांचा मोका त्यांवर डुगडुगतो किंवा मधून खाली घसरतो. भांड्यांच्या दुकानात बर्नरवर ठेवायची छोटी गोल जाळी मिळते, ती घ्या. इंडक्शनवर अॅल्युमिनियम तापतच नाही. एक तर स्टीलचा मोका घ्यायचा, नाहीतर खाली लोखंडी चकती ठेवायची. आपल्याकडं कोल्हापुरात उद्यमनगरचे कारखाने आहेत, तिथल्या कुठल्याही ओळखीच्या लेथवाल्याकडून मापाची चकती करून घेता येईल. फक्त इंडक्शन बंद केल्यावरही चकती तापलेली राहते, तेव्हा भांडं तिच्यावरून लगेच उचलायचं.

पावडरबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुमची झडप फुसफुसते त्याचं मूळ बहुतेक इथंच आहे.

फिल्टर कॉफीचं पितळी किंवा स्टीलचं फिल्टर गुरुत्वाकर्षणावर चालतं. पाणी आपल्या गतीनं झिरपतं, डिकॉक्शन उतरायला पंधरा-वीस मिनिटं किंवा जास्तही लागली तरी बिघडत नाही. तिथं चिकोरी कामाची आहे, रंग देते, दाटपणा देते. पण चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. ते कॉफीपेक्षा पुष्कळ जास्त पाण्यात विरघळतं आणि भिजलं की चिकट होतं. मोकाच्या गाळणीत गरम पाण्याचा दाब आला की त्याचा थर बसतो. पाण्याला वाट मिळेना की दाब वाढत जातो, आणि तो शेवटी झडपेतून बाहेर पडतो. आपल्याकडच्या नियमांप्रमाणं कॉफी-चिकोरी मिश्रणात निम्म्याला थोडी कमी, ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते आणि ते प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. तुमचं पाकीट उलटं करून बघा. १० टक्क्यांच्या पुढं असेल तर ती पावडर फिल्टरसाठी ठेवा. मोकात घालायची ती शुद्ध कॉफी. चिकोरीची चव आवडतच असेल तर १० टक्क्यांपर्यंत मी समजू शकते, त्यापुढं माझी मान्यता नाही.

दळण किती जाड हवं? बारीक रव्यापेक्षा थोडं बारीक, चिमटीत घेतल्यावर कण जाणवले पाहिजेत. मैद्यासारखं झालं तर वर सांगितल्याप्रमाणं तुंबणार. जाड्या रव्यासारखं राहिलं तर पाणी भसकन वर येईल, कॉफी पाणचट आणि आंबट लागेल. दुकानात दळून घेताना ‘मोकासाठी’ असं स्पष्ट सांगा. ‘एस्प्रेसोसाठी’ म्हटलंत तर गरजेपेक्षा बारीक मिळेल. घरी मिक्सरवर दळत असाल तर दोन-दोन सेकंदांचे झटके द्या, मध्ये भांडं हलवा, आणि मग मैद्याच्या चाळणीनं अगदी बारीक भुगा चाळून काढा. मिक्सरचं पातं बी कापत नाही, फोडतं. त्यामुळं धूळ आणि खडे एकाच वेळी तयार होतात, आणि तुंबायला कारण होते ती धूळ. रोज कॉफी पिणार असाल तर मोठ्या मशीनऐवजी हातानं फिरवायचा चांगला बर ग्राइंडर घ्या, म्हणजे पात्याऐवजी दोन दात्यांमध्ये बी एकसारखं भरडणारी छोटी चक्की. मशीनपेक्षा त्याचे पैसे लवकर वसूल होतात.

गाळणीत पावडर काठोकाठ भरायची, बोटानं किंवा चमच्याच्या पाठीनं सपाट करायची, दाबायची अजिबात नाही. ढीगही नको. एस्प्रेसोत पावडर ठोकून बसवतात ते ९ बारच्या जोरावर. इथं तेवढा जोर नाही. कडेला सांडलेले कण फुंकून किंवा बोटानं काढून टाका, नाहीतर रबरी रिंग नीट बसत नाही आणि सांध्यातून पाणी गळतं.

तुमची दुसरी अडचण, अर्धं भांडं. मोका ज्या मापाचा असेल त्या मापानंच भरावा लागतो. पावडर अर्धी घातली की गाळणीत वर पोकळी राहते, पाणी पावडर उचलून नेतं, एका बाजूनं वाट काढतं आणि बाकीची पावडर कोरडीच राहते. पाणी अर्धं घातलं तर वर हवा जास्त, प्रवाह अवेळी सुरू होतो आणि फटकन संपतो. दोन्ही बाजूंनी चव बिघडते. खोक्यावरचा ‘कप’ हा इटालियन छोटा कप, ४०–५० मिलीचा, आपला मग नव्हे. सहा कपांच्या भांड्यात झडपेखालपर्यंत साधारण २७० ते ३०० मिली पाणी आणि २८–३० ग्रॅम पावडर बसते. तीन कपांच्यात साधारण १५० मिली पाणी आणि १५–१७ ग्रॅम पावडर. दोघांना दुधाची कॉफी लागत असेल तर तीन कपांचाच मोका बरोबर. सहा कपांचा विकू नका, दिवाळीला पाहुणे आले की लागेलच.

पाणी गार घ्यायचं की गरम, यावर लोक भांडतात. मी भाजणी बघून ठरवते. बिया हलक्या किंवा मध्यम भाजलेल्या असतील तर आधी उकळलेलं पाणी घालते, कारण अशा कॉफीतून चव काढायला तापमान जास्त लागतं, नाहीतर आंबट राहते. गडद भाजलेली असेल तर कोमट किंवा साधं पाणी घेते. सुरुवातीचं पाणी कमी तापमानाला वर येतं आणि कडूपणा कमी उतरतो. ‘गार पाणी घातलं तर कॉफी करपते’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तसं काही होत नाही. भांडं गॅसवर जास्त वेळ राहतं एवढंच, आणि तेही आच प्रमाणाबाहेर मोठी असेल तरच त्रास देतं. उकळतं पाणी घालणार असाल तर खालचं भांडं जाड फडक्यात धरून आवळा. वरच्या भांड्याचा दांडा धरून पिळायचं नाही, बहुतेक मोका तिथंच तुटतात. पाणी पिण्याचं, बोअरचं नको. बोअरच्या पाण्यातला क्षार झडपेच्या तोंडाशी बसतो, आणि ती अडकायला हे एक कारण पुरतं.

बियांचं म्हणाल तर आपण नशीबवान आहोत. कॉफीचे मळे असलेलं चिकमगळूर आणि कोडगू मुंबई-पुणेकरांपेक्षा आपल्याला जवळ आहे. कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. आपल्या देशात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टा जास्त, अरेबिका कमी. रोबस्टाला नाक मुरडायची एक फॅशन आहे, पण दूध घालून पिणाऱ्यांसाठी मी तिची शिफारस करते: सत्तर टक्के अरेबिका, तीस टक्के चांगली धुतलेली (गर पाण्यानं काढून मग वाळवलेली) रोबस्टा, मध्यम ते गडद भाजणी. दुधातूनही कॉफी हरवत नाही. काळी पिणार असाल तर निव्वळ अरेबिका, मध्यम भाजलेली. आंबटपणा अजिबात नको असलेल्यांसाठी मान्सून्ड मलबार आहे, मंगळूरकडच्या गोदामांत पावसाळी वाऱ्यावर आठवड्यानुआठवडे ठेवून फुगवलेली. तिला आंबटपणा जवळजवळ नसतो आणि मोकात ती फार छान उतरते. पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर घेऊ नका. बिया भाजल्यापासून महिना-दीड महिना छान, दळलेली पावडर मात्र आठ-पंधरा दिवसांत संपवावी. जून ते सप्टेंबर कोल्हापुरातली हवा तुम्हाला माहीतच आहे, बंद डब्यातलं मीठसुद्धा ओलं होतं. त्या महिन्यांत शंभर-शंभर ग्रॅमच घ्या. आणि डबा फ्रीजमध्ये ठेवून रोज आत-बाहेर करू नका, दर वेळी पावडरीवर ओल धरते.

आता दूध. कोल्हापुरात कॉफीचा विषय काढला आणि दुधाचं बोललं नाही असं होणारच नाही. गंगावेशीत म्हशी डोळ्यांदेखत पिळून धारोष्ण दूध ग्लासात देतात, अशा गावात दूध पातळ करा हे सांगायची माझी छाती नाही. म्हशीच्या दुधात स्निग्धांश ६ टक्क्यांच्या पुढं, गायीच्या दुधात साडेतीन-चार. मोकाची दाट कॉफी आणि म्हशीचं दूध ही जोडी खरं तर झकास आहे, कारण तो कडूपणा स्निग्धपणात बसतो. पण कॉफी एक भाग, दूध दोन भाग, त्यापुढं जाऊ नका. सकाळी उकळून ठेवलेल्या दुधावरची साय गाळून बाजूला काढा. मग दूध फक्त बोट बुडवल्यावर ठेववत नाही एवढंच तापवा, ६० ते ६५ अंश. पुन्हा खळखळून उकळलं की शिजलेल्या दुधाचा वास येतो आणि कॉफीच्या वासावर तोच बसतो. फेस हवाच असेल तर बॅटरीवरचं छोटं घुसळणं पुरतं, दूध फ्रीजमधून काढून मग तापवलेलं असावं.

साखरेऐवजी गूळ घालणारे खूप आहेत, आणि कोल्हापूरला त्यांना कोण अडवणार! गूळ दुधाबरोबर उकळू नका, दूध फाटतं. कॉफी आणि दूध कपात एकत्र झाल्यावर, गॅसपासून लांब, किसलेला गूळ घाला. माझ्या मते गूळ काळ्या कॉफीत जास्त शोभतो, दुधात त्याची चव कॉफीवर कुरघोडी करते. आपल्या घरांत एकादशीला जायफळ घातलेली दुधाची कॉफी व्हायची. ती चव मोकातही आणता येते, पण जायफळ गाळणीतल्या पावडरीत मिसळायचं नाही. कॉफी कपात ओतल्यावर वरून किसणीची एक-दोन घासणं द्यायची. गाळणीत घातलेलं जायफळ कडवट होतं आणि त्याचा वास पुढचे आठ दिवस जात नाही.

धुण्याबद्दलही समज फार. मोकाला साबण लावायचाच नाही, जुना थर चांगला, असं सांगितलं जातं. कॉफीत तेल असतं आणि तेल खवट होतं, त्या थराची चव काही गोड नसते. कोमट पाणी, मऊ घासणी, थोडा भांड्यांचा साबण लावून स्वच्छ धुवा. तारेची घासणी, राख, सोडा आणि डिशवॉशर मात्र अॅल्युमिनियमच्या वाट्याला जाऊ देऊ नका, भांडं काळं पडतं. भांडी घासायला मावशी येत असतील तर मोका वेगळा ठेवा, नाहीतर त्या प्रेमानं चकचकीत करून देतील. धुतल्यावर तिन्ही भाग सुटे ठेवून वाळवा. आत पांढरा थर दिसला तर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून, पावडर न घालता एकदा गॅसवर चढवा, मग साध्या पाण्यानं आणखी एकदा. नवीन भांड्याची पहिली दोन-तीन वेळची कॉफी ओतून द्या.

झडपेकडं दुर्लक्ष करू नका. पाणी तिच्या खालपर्यंतच. ती बुडाली तर वाफ सुटण्याऐवजी उकळतं पाणी उडतं. गॅसवर ठेवताना झडपेचं तोंड आपल्याकडं नको, भिंतीकडं करा. महिन्यातून एकदा तिची मधली पिन चमच्याच्या टोकानं दाबून हलते का ते बघा. कॉफी चढवल्यावर सहा-सात मिनिटांत वर काहीच आलं नाही आणि झडप फुसफुसायला लागली तर गॅस बंद करा आणि हात लावू नका. पूर्ण गार होईपर्यंत पिळून उघडायचा प्रयत्न करू नका. दाबाखालचं भांडं उघडणं म्हणजे अंगावर उकळतं पाणी घेणं. गार झाल्यावर पावडर टाकून द्या, पुढच्या वेळी जाड दळण घ्या.

आणि झडप गप्प असून सांध्यातून पाणी गळत असेल तर दोष रबरी रिंगेचा. रोज वापर असेल तर ती साधारण वर्षाला बदलावी लागते. रबर कडक झालं किंवा त्यावर भांड्याच्या कडेचा खोल वळ उठला की समजा संपलं. पांढऱ्या रबरापेक्षा सिलिकॉनची जास्त टिकते. कंपनीनुसार आणि कपांनुसार मापं बदलतात, म्हणून दुकानात जाताना जुनी रिंग आणि तिच्यात बसणारी, वरच्या भांड्याच्या बुडातली गोल जाळी दोन्ही बरोबर घेऊन जा, नुसतं ‘सहा कपांची द्या’ म्हणून आणू नका.